बोरवाडीची एकसष्ट मांजरं

बोरवाडी, पो. कुंभार पिंपळगाव
ता. १२ एप्रिल २००१

ती. अक्कास,
संपतचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. आईला आता कुशीवर वळता येतं का, ते कळव. इकडे मी खुशाल.

चांगली बातमी आधी सांगतो. बदलीचा आदेश निघाला! जालन्यापासून आठ किलोमीटरवरचं गाव मिळालंय. सायकलवर जाईन आणि दुपारी आईला जेवू घालायला घरी येईन. अकरा वर्षं अर्ज करून राह्यलो. साहेब सहा बदलले, अर्ज तेवढा एकाच फायलीत ठाण मांडून बसला होता. त्याचीही अखेर बदली झाली म्हणायची.

दुसरी बातमी मांजरांची आहे. हसू नकोस. आमच्या तालुक्यात ‘मुक्तसंचारी मांजर नोंदणी व नसबंदी योजना’ प्रायोगिक म्हणून आली आहे. मोकळ्या फिरणाऱ्या प्रत्येक मांजराची नोंद करायची. बुधवारी जनावरांचे डॉक्टर येणार, ते शस्त्रक्रिया करून डाव्या कानाचं टोक छाटणार, म्हणजे खूण राहील. सगळं सक्तीचं आहे. सक्ती कुणावर, ते परिपत्रकात नाही. मांजरं परिपत्रक वाचत नसल्यामुळे ती माझ्यावर आहे, असं साहेबांनी तोंडी सांगितलं. शेवटच्या कलमात म्हटलंय की, नोंदवलेल्या शंभर टक्के मांजरांचं काम उरकल्याशिवाय ग्रामसेवकाला कार्यमुक्त करू नये.

पण काळजीचं काही नाही. नोंदणी चार दिवसांत आटोपली. फेब्रुवारीत माणसांची जनगणना केली होती, तोच हात बसलेला. ओट्यावर टेकायचं, घरच्या कर्त्याला विचारायचं आणि लिहायचं. नोंद नसलेलं मांजर उचलून नेतील अशी दवंडी दिली होती, त्यामुळे लोक हाताला धरून घरात नेत होते. आमच्या शेजारच्या चांगुणाबाईंनी तर दोन वेळा चहा पाजला आणि नाव नीट लिहिलं का ते तिसऱ्यांदा विचारून गेल्या. एकूण एकसष्ट मांजरं भरली. तालुक्यात बोरवाडी पहिली. साहेबांनी बैठकीत माझं नाव घेतलं, वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही बराबर घेतलं.

चार बुधवार धर. मे सरायच्या आत मी जालन्यात.

आईला दंडवत. तुझी माया आणि तुझा राग, दोन्ही मला सवयीचे आहेत, कमी करू नकोस.
तुझा,
संपत


जुना जालना
ता. २० एप्रिल २००१

चि. संपत यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा तारखा मोजल्या.

माझीही बातमी आहे. मला मुख्याध्यापिका म्हणून बढती मिळाली. शाळा आष्टीची. पंधरा जूनला हजर व्हायचं. त्या दिवशी हजर झाले नाही तर बढती नाकारली असं धरून नाव यादीतून काढतात, आणि पुढची यादी येईपर्यंत मी पेन्शनच्या यादीत गेलेली असेन. चार वर्षं उरली आहेत. तीस वर्षं दुसऱ्यांच्या घंटेवर उठले-बसले. एकदा घंटा माझ्या हुकमावर वाजावी, एवढीच हौस आहे. फार मोठी नाही.

आईला घेऊन जा म्हणशील. विचारून झालं. अकरा वर्षांपूर्वी मोरीत पडून मांडीचं हाड मोडल्यापासून ती माझ्या खांद्याशिवाय परसदारी जात नाही, हे तुला माहीत आहे. निदान दिवाळीला आलास की दिसतं. परगावी जायचं नाव काढलं की म्हणते, मला हलवायचं तर खाटेसकट हलवा, आणि खाट ह्या दारातून निघत न्हाई, तुझ्या बापानं आतच ठोकून घेतल्ती. तुझ्याकडे तर लोखंडी जिना आणि वर एक खोली. तुझी उषा गेल्यापासून त्या खोलीत चूल तरी पेटते का, कोण जाणे.

म्हणून तू दहा जूनपर्यंत इथे हवास. अकरा वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलं नाही, हे आता मागतेय.

आईला मांजरांचं वाचून दाखवलं. तिने सांगितलंय की, आमची पोरं आवरा म्हणून कोणत्या मांजरानं सरकारला सांगितलं, त्याचं नाव लिहून घे. माझी शंका वेगळी आहे. बोरवाडीत घरं नव्वद आणि मांजरं एकसष्ट? मी पाचवीला गणित शिकवते. उत्तर असं फुगून आलं की पोराची पाटी पुन्हा तपासते. तूही तपास.

तब्येतीला जप. माझा तुझ्यावर भरवसा आहे, तो पंधरा जूनपर्यंत पुरव.
तुझी,
अक्का


बोरवाडी
ता. १० मे २००१

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

बढतीचं वाचून पंचायतीत पेढे वाटले. सरपंचांना वाटलं माझीच झाली.

पाटी तपासली, अक्का. पण उशिरा तपासली.

दोन तारखेला बुधवार होता. डॉक्टर आले, टेबल मांडलं. चांगुणाबाई डालग्यात घालून आपली करडी मनी घेऊन आल्या. शस्त्रक्रिया झाली, कानाचं टोक छाटलं, मी वहीत मनीपुढे बरोबरची खूण केली. तेवढ्यात पुंजाराम धावत आला आणि ओरडायला लागला, की माझ्या बिजलीला इथं कोण घेऊन आलं? मी म्हटलं ही मनी आहे. तो म्हणाला, ग्रामसेवक, माझ्या कडब्यात तीनदा व्यालीय ही, मला शिकवता का? त्याच्यामागून दुर्गाबाई आल्या. त्या मांजराला चंद्रा म्हणतात. तिघांत भांडण लागलं, आणि मांजर गुंगीत पडलेली. दुपारपर्यंत तिचे सात मालक गोळा झाले. सातही जण वहीत आहेत, माझ्या अक्षरात, सात वेगवेगळ्या नावांनी.

त्याचं असं आहे. व्यालेली मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, हे तुला मी सांगायला नको. पण इथे ज्या घरात ती पिल्लं आणून ठेवते, ते घर तिला बाळंतपणाला आलेली लेक समजतं. दूध घालतात, पिल्लांवर पाटी झाकतात, आणि ती पुढच्या घरी गेली तरी आपलीच म्हणतात. लेक सासरी गेली म्हणून परकी होते का, असं चांगुणाबाईंनी मलाच विचारलं. कुणी खोटं बोललं नाही, अक्का. मी घरोघर ओट्यावर बसून विचारलं, तुमच्याकडे मांजर आहे का? प्रत्येकाने खरं सांगितलं. मांजर कुठंय, दाखवा, असं मी एकालाही म्हटलं नाही. जनगणनेत तरी कुठे माणसं उभी करून मोजतो?

गावात मांजरं नऊ. त्यातला एक बोका चौदा घरांत नोंदला आहे. तो व्यालेला नाही, फक्त जेवलेला आहे. नऊची नऊ त्या एका बुधवारी उरकली. काल दुसरा बुधवार झाला. डॉक्टर सकाळपासून रिकामं टेबल मांडून बसले आणि जाताना वहीवर लिहून गेले की, बावन्न मांजरं सादर केली नाहीत.

शाबासकी एकसष्टाची घेतली आहे. आता नऊ कोणत्या तोंडाने सांगू? काहीतरी काढतो.

आईला दंडवत. ह्या वेळी माया जरा जास्तीची पाठव, इथे संपत आलीय.
संपत


जुना जालना
ता. १७ मे २००१

चि. संपत यास आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं नाही.

तुला पहिल्या वर्षी ऑडिट होतं. दुसऱ्या वर्षी निवडणूक. मग टंचाई, टँकर, भूकंपानंतरचे पंचनामे. मग उषाचं आजारपण, त्याला मी काही बोलत नाही. त्यानंतर वॉटरशेड, त्यानंतर जनगणना. प्रत्येक कारण खरं होतं, सरकारी शिक्क्याचं होतं. तुझ्या कारणात मला कधी खोट काढता आली नाही, आणि तेवढ्यानेच तू अकरा वर्षं निभावलीस. आता मांजरं आली आहेत. मला वाटतं तू त्यांच्या आड बसला आहेस, आणि तुला तिथे ऊबही लागते आहे.

माझं कारण मी कधी लिहिलं नाही, आज लिहिते. आईला पहाटे मोरीत न्यायचं, पाणी घालायचं, खाटेवर आणायचं, मग शाळा. दुपारच्या सुट्टीत धावत येऊन तिला वळवायचं, पुन्हा शाळा. अकरा वर्षांत मी लग्नाला गेले तर अक्षता टाकून परत. प्रभावती फार धावपळीची, असं लोक कौतुकाने म्हणतात. कोंबडी डालग्याखाली धावते तशी ती धावपळ आहे.

नऊ असतील तर नऊ लिही. काहीतरी काढू नकोस. तू काहीतरी काढलंस की ते वाढतं.
अक्का


बोरवाडी
ता. २६ मे २००१

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र खिशात आहे. उत्तर द्यायची हिंमत न्हाई, म्हणून नुसता वृत्तांत देतो.

मी काहीतरी काढलं.

आधी तीर्थपुरीच्या बाजारात जाऊन तिथल्या मांजरांवर नजर टाकली. पोत्यात तीन घातली. चौथीला हात लावला तोच पलीकडच्या वाडीचे ग्रामसेवक भुजंगराव समोर उभे, त्यांच्याही हातात पोतं. त्यांनीही एकेक मांजर पाच-पाचदा नोंदलेलं आहे. दोघं एकमेकांकडे बघत उभे राहिलो. मग ते म्हणाले, बाजार अर्धा अर्धा वाटून घेऊ. तेवढ्यात माझ्या पोत्यातलं एक मांजर निसटलं आणि कापडाच्या दुकानात शिरलं. बाजारातल्या बायांनी आम्हा दोघांना चोर ठरवून मारुतीच्या पारावर बसवलं आणि पोती मोकळी करायला लावली. दोन शासकीय कर्मचारी, तास-दीड तास. भुजंगराव ओळखपत्र दाखवत होते. एक म्हातारी म्हणाली, फोटोवाला चोर हाय.

मग मी कागदाचा आसरा घेतला. बावन्न मांजरं नैसर्गिक कारणाने मयत, असा अहवाल पाठवला. मेलेल्याची नसबंदी कोण मागणार? वाटलं सुटलो. तिसऱ्या दिवशी तालुक्याहून जीप आली. एका वस्तीत एका आठवड्यात बावन्न मांजरं दगावली म्हणजे रोगाची साथ आहे, असं साहेबांनी ठरवलं. माणसांना लागण होईल का, ते तपासणार. गावाबाहेर फलक लावला. पंचायतीच्या एकाही कर्मचाऱ्याने पुढील आदेशापर्यंत मुख्यालय सोडू नये, असा लेखी आदेश मलाच दिला आणि त्याच्या पोचेवर माझीच सही घेतली. पुढील आदेश कधी, असं विचारलं तर म्हणाले, साथ संपल्यावर. नसलेली साथ संपवायची कशी, ते मला कळत नाही.

नऊची नऊ मांजरं ठणठणीत आहेत. फलकाच्या सावलीत झोपतात.

तुझ्या पत्रातलं एकही वाक्य खोटं नाही.
संपत


जुना जालना
ता. २ जून २००१

चि. संपत यास आशीर्वाद. वि. वि.

बढती नको असल्याचा अर्ज लिहून ठेवला आहे. कारणाच्या जागी ‘कौटुंबिक’ लिहिलं. त्याहून लांब लिहायला जागाच नव्हती. अकरा तारखेला सोमवार आहे, त्या दिवशी देईन.

आईला कसं कळलं कोण जाणे. काल जेवताना म्हणाली की, प्रभे, मी मेले असते तर बरं झालं असतं ना गं तुला. मी तिला काय उत्तर दिलं ते लिहीत नाही. पण उत्तर द्यायला मला जरा वेळ लागला, आणि तो तिने मोजला.

आंबे पाठवले असते, पण तुमच्या गावात कुणी आत येत नाही म्हणे.
अक्का


बोरवाडी
ता. ७ जून २००१

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

हे पत्र भुजंगरावांच्या हाती जालन्याला पाठवतोय, म्हणजे उद्या मिळेल.

अर्ज देऊ नकोस. फाडलास तरी चालेल. मी रविवारी, दहा तारखेला दुपारच्या एस.टी.ने येतो. सामानासकट येतो, पुन्हा परत यायचं नाही. कार्यमुक्त झालो का विचारशील, झालो. कसा झालो ते विचारू नकोस, आणि आईला बदली झाली एवढंच सांग. तेही खोटं नाही.

आईला मोरीत कसं न्यायचं, कोणत्या बाजूने उठवायचं, औषधं कोणती, ते सगळं एका कागदावर लिहून ठेव. पाचवीच्या पोराला समजेल असं लिही.
तुझा,
संपत


आष्टी, ता. परतूर
ता. १९ जून २००१

चि. संपत यास अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

शाळा सुरू झाली. खोल्या पाच, वर्ग सात, पत्रे गळके आणि घंटा म्हणजे टांगलेला रुळाचा तुकडा. पहिल्या दिवशी ती मी स्वतः वाजवली. शिपाई शिवाजी बघत राहिला, बाई, माझं काम काय मंग, म्हणाला. दुसऱ्या दिवसापासून त्याला दिली. पहिला दिवस माझा होता.

शाळा सुटल्यावर काय करायचं, ते मला कळत नाही. पहिले तीन दिवस सुट्टीची घंटा झाली की पिशवी उचलून फाटकापर्यंत धावत गेले. मग आठवलं की पोचायचं कुठेच नाही. फाटकाशी उभी राहून रस्ता बघितला. बैलगाडी गेली, ती पूर्ण दिसेनाशी होईपर्यंत बघितली.

आता मुद्द्याचं. इथले ग्रामसेवक साहेबराव शाळेची पटयादी न्यायला आले होते. माझं आडनाव ऐकून खुर्चीवरून उठले आणि विचारलं, की बोरवाडीचे मांजरवाले निलंबित झाले ते तुमचे कोण? मी म्हटलं भाऊ. त्यांनी तुझं पत्र जिल्ह्याच्या कार्यालयात सगळ्यांनी वाचल्याचं सांगितलं. मला हसावं की कपाळ बडवावं ते कळेना, म्हणून त्यांना पटयादी देऊन वाटेला लावलं.

संप्या, तू स्टँडवर मला पिशवी चढवून दिलीस, खिडकीशी उभा राहून पाण्याची बाटली घेतली का विचारलंस, आणि ह्याबद्दल एक शब्द बोलला नाहीस. निलंबन! आपल्या घरात कुणाची साधी कानउघाडणी झाली नाही कधी. वीस वर्षांची नोकरी तू माझ्या घंटेपायी टांगलीस का? खरं काय ते सविस्तर लिही. आणि आईची पाठ पाहत जा, खाटेचे वळ पडतात.
तुझी,
अक्का


जुना जालना
ता. २७ जून २००१

ती. अक्कास,
संपतचा सा. न. वि. वि.

आईची पाठ बरी आहे. तुझा कागद भिंतीला चिकटवलाय. डाव्या बाजूने उठव लिहिलंस, पण कुणाच्या डाव्या ते लिहिलं नाहीस. पहिल्या दिवशी आम्ही दोघं मोरीच्या उंबऱ्यावर बसलो. आईने मला नावं ठेवली. आता जमतंय.

सविस्तर हे असं. तुझं दोन तारखेचं पत्र वाचलं आणि आमचे जुने सोबती रामराव डोळ्यांसमोर आले. त्यांना निलंबित केलं होतं तेव्हा वर्षभर ते जालन्यात चहा पीत हिंडायचे, कारण निलंबनाच्या आदेशात एक ओळ असते: निलंबन काळात मुख्यालय जालना राहील. बदलीला कार्यमुक्ती लागते, कार्यमुक्तीला मांजरं लागतात. निलंबनाला काहीच लागत नाही. त्याच दिवशी जागा सोडावी लागते, चार्ज दुसरा कुणी एकतर्फी घेतो, आणि साथीचा फलकसुद्धा आड येत नाही. तालुक्यातून बाहेर पडायचा तेवढा एकच दरवाजा उघडा होता.

मंग मी एका पानावर खरं लिहिलं. मांजरं नऊ, एकसष्ट मी न बघता लिहिली, बावन्न मयत मी बसल्या जागी मारली, साथ नाही. स्वतः साहेबांना नेऊन दिलं आणि एक प्रत जिल्ह्याला. साहेब बिचारे हात जोडायला लागले. म्हणाले, संपतराव, अजून एक सुधारित अहवाल द्या, काही मार्ग काढू, खरं कशाला लिहिता, त्यानं सगळ्यांचेच अहवाल उघडे पडतील. मी म्हटलं, मला जल्दी आहे. खोटं लिहिलं तेव्हा बैठकीत नाव घेतलं होतं. खरं लिहिलं तर दुसऱ्या दिवशी आदेश हातात. शासन एवढ्या चपळाईने चालू शकतं, हे मला वीस वर्षांत कळलं नव्हतं.

चौकशी होईल. एखादी वेतनवाढ जाईल, कदाचित खालच्या जागी टाकतील. होईल ते होवो. तुझ्या घंटेपायी टांगली असं मनात आणू नकोस. तू लिहिलं होतंस की मी मांजरांच्या आड बसलोय आणि मला तिथे ऊब लागते. आता सांगायला हरकत नाही. एप्रिलमध्ये ते शेवटचं कलम वाचलं, तेव्हा मला आधी हायसं वाटलं होतं. वाईट नंतर वाटलं. त्या मधल्या वेळाचं काहीतरी मला भरून द्यायचं होतं.

आईला बदली एवढंच सांगितलंय, पण ती रोज नवं विचारते. मी दिवसभर घरी कसा, सकाळी फक्त सही करायला कचेरीत जाऊन अर्ध्या तासात परत कसा. शेवटी आदेशातली ओळ वाचून दाखवली, की लेखी परवानगीशिवाय जालना सोडता येणार नाही. तिला फार आनंद झाला. आता गल्लीतल्या सगुणाबाईंना सांगत असते की, आमच्या संपतवाचून सरकारचं इतकं अडतं, की त्याला गावाबाहेर पाऊल टाकू देत न्हाईत.

काल परभणीला मित्राच्या मुलीचं लग्न होतं. गेलो नाही. पत्रिका हातात घेऊन दारात उभा होतो. आत आईने हाक मारली, वळवायची वेळ झाली होती. वळवलं, पाणी दिलं, परत दारात आलो. रस्ता तिथेच होता. तू ह्या दारात कितीदा उभी राहिली असशील, ते मला पहिल्यांदा मोजावंसं वाटलं. मला निदान तसा लेखी आदेश आहे, अक्का, खाली साहेबांची सही आणि गोल शिक्का. तुला अकरा वर्षं कुणी एक ओळसुद्धा लिहून दिली नव्हती.

दिवाळीला ये. त्याआधी आलीस तर आम्ही दोघं दार उघडणार नाही.

आईचे आशीर्वाद. तुझा राग आता माझ्या वाट्याला येईनासा झाला, तर थोडा पोस्टाने पाठवत जा.
तुझा,
संपत